गहू सोडण्याआधी

पोट फुगतं, वरचेवर जुलाब होतात, थकवा जात नाही. कोणीतरी सुचवतं, "महिनाभर गहू बंद करून बघ." बरं वाटतं. मग सीलिअ‍ॅक या आजाराची तपासणी होते आणि अहवाल 'निगेटिव्ह' येतो. गव्हाच्या त्रासाबाबत होणारी सर्वांत घातक चूक हीच, कारण ही तपासणी माणूस गहू खात असेल तरच खरं उत्तर देते.

सीलिअ‍ॅक आजारात गहू-जवातल्या ग्लुटेन या प्रथिनाचे न पचलेले तुकडे लहान आतड्याच्या अस्तरात शिरतात आणि शरीराची संरक्षणव्यवस्था त्या अस्तरावरच उलटते. अन्नरस शोषून घेणारे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात. रक्तात टीटीजी या आपल्याच विकराविरुद्ध प्रतिपिंडं दिसू लागतात. गहू थांबला की ती उतरतात, अस्तर भरून येतं आणि पुरावाच नाहीसा होतो.

गव्हाचा हा दोष ओळखला नेदरलँड्समधल्या विलेम कारेल डिके या बालरोगतज्ज्ञाने. त्याला १९३० च्या दशकातच गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात त्या देशात भीषण उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. तरीही त्याच्याकडची हा आजार असलेली मुलं सुधारली. पाव परत आला आणि दुखणंही परतलं. १९५० साली त्याने आपला प्रबंध सादर केला.

आपल्या देशाचं चित्र २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसतं. तेवीस हजारांहून अधिक प्रौढांच्या रक्ततपासणीत ही प्रतिपिंडं उत्तर भारतात १.२३ टक्के लोकांत आढळली, दक्षिणेत अवघ्या ०.१० टक्के. आजाराला लागणारी जनुकं मात्र दोन्हीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात होती. फरक होता तो ताटात: उत्तरेत दिवसाला सरासरी ४५५ ग्रॅम गहू, दक्षिणेत २५. ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर वाढलेल्या घरांत आता दोन्ही वेळा पोळी होते, म्हणून महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी हे आकडे मनावर घ्यायला हवेत असं मला वाटतं.

लक्षणं नेहमी पोटाचीच असतील असं नाही. लोहाच्या गोळ्या घेऊनही न हटणारा अ‍ॅनिमिया, मुलाची खुंटलेली उंची, ठिसूळ हाडं, वारंवार होणारे गर्भपात यांच्या मुळाशीही हा आजार असू शकतो. टाइप १ मधुमेह असलेल्यांनी आणि रुग्णाच्या आईवडील, भावंडं, मुलांनी तर तपासून घ्यावंच.

पहिली पायरी रक्ताची: टीटीजी-आयजीए, आणि सोबत एकूण आयजीए. काहींच्या शरीरात आयजीए या प्रकारची प्रतिपिंडं मुळातच कमी असतात. मग पहिली तपासणी फसवी ठरते. टीटीजी-आयजीए पॉझिटिव्ह आली तर प्रौढांमध्ये सहसा दुर्बिणीतून आतड्याचे तुकडे घेऊन खात्री करतात. गहू आधीच सोडला असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे तो पुन्हा खावा लागतो.

अहवाल स्वच्छ, गव्हाची अ‍ॅलर्जीही नाही, तरी त्रास खरा, असेही लोक असतात. अशा त्रासासाठी रक्ताची कुठलीच खात्रीची तपासणी नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्लोच्या एका प्रयोगात अशा ५९ जणांना ग्लुटेनपेक्षा फ्रुक्टान या कर्बोदकाने जास्त त्रास झाला. ते गव्हात असतं, तसंच कांद्या-लसणातही.

निदान पक्कं झालं की मात्र पथ्य जन्मभराचं, आणि ते पोळीपाशी संपत नाही. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुधा मैदा असतो. थालीपिठाच्या भाजणीत, मेतकुटात, सातूच्या पिठात गहू किंवा जव असू शकतात. गव्हावर दळलेली ज्वारीही चालत नाही. गिरणीत तेवढं पीठही पुरेसं मिसळतं. पाकिटावर 'ग्लुटेनमुक्त' लिहायला आपल्या कायद्याने किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. गिरणीतल्या पिठाला असा शिक्का नसतो.

तेव्हा शंका आली तर पोळी आजही खा, उद्याही खा, आणि आधी रक्त तपासून घ्या.