सिनेमातली अंगठी, बोटातली अंगठी

जे. आर. आर. टोल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधली अंगठी म्हणजे बिनखड्याचे, बिननक्षीचे सोन्याचे वळे. १९३७ सालच्या ‘द हॉबिट’मध्ये ती पहिल्यांदा आली, तेव्हा ती घालणारा अदृश्य होतो एवढेच तिचे वैशिष्ट्य होते. १९५४-५५ मध्ये तीन भागांत निघालेल्या मोठ्या कादंबरीत तिच्यामागचा सारा काळा इतिहास उलगडला. पीटर जॅक्सन यांच्या २००१ ते २००३ या काळातल्या तीन चित्रपटांनी तिला नजरेत भरणारे रूप दिले. आज स्वतःच्या बोटासाठी किंवा कपाटासाठी ती विकत घेणारे बहुतेक जण हेच रूप मागतात.

हे रूप घडले न्यूझीलंडमधल्या नेल्सन या गावातल्या एका सोनाराच्या दुकानात. येन्स हान्सन हे मूळचे डेन्मार्कचे. लहानपणीच न्यूझीलंडला आले आणि पुढे तिथेच त्यांनी दागिने घडवण्याचे दुकान थाटले. १९९९ मध्ये चित्रपटाच्या मंडळींनी त्यांच्याकडे अंगठीचे नमुने मागितले. हान्सन यांनी सुमारे पंधरा नमुने करून दिले. कुणाची कडा धारदार, कुणाचा पट्टा रुंद, कुणाची पाठ सपाट. निवड झाली ती जाडसर, बाहेरून गोलाई दिलेल्या, भरीव दिसणाऱ्या वळ्याची. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये हान्सन कर्करोगाने गेले. चित्रीकरण सुरू झाले ऑक्टोबरमध्ये. ज्या अंगठीमुळे त्यांचे नाव जगभर झाले, ती पडद्यावर पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. उरलेले काम त्यांच्या मुलांनी आणि दुकानातल्या कारागिरांनी पुरे केले.

चित्रपटासाठी एकच अंगठी घडवली असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात वेगवेगळ्या मापांच्या चाळीसच्या आसपास घडवाव्या लागल्या, कारण नटांची बोटे वेगळी आणि गळ्यातल्या साखळीत लटकताना शोभणारे मापही वेगळे. हवेत गरगरत जाणाऱ्या अंगठीच्या जवळच्या दृश्यासाठी तर आठ इंच व्यासाचे कडे करून त्याला सोन्याचा मुलामा दिला होता. चित्रीकरण संपल्यावर जॅक्सन यांनी एलायजा वुड आणि अँडी सर्किस या दोन नटांना एकेक अंगठी भेट दिली. आपल्याला मिळाली तीच खरी, असे बराच काळ दोघांनाही वाटत होते. तेव्हा ‘सिनेमातली अस्सल अंगठी’ असे कुणी विकायला काढले, तर ती कुठल्या दृश्यातली आणि त्याचा कागद कुठे, हे दोन प्रश्न लगेच विचारावेत.

खरेदीतला सर्वांत मोठा निर्णय अक्षरांचा. कथेत अंगठी विस्तवात टाकली की तिच्यावर अक्षरे उमटतात. एरवी ती कोरी. चित्रपटातली ती तेजाळ अक्षरे नंतर संगणकावर चढवलेली आहेत, नटांच्या हातातली अंगठी साधीच होती. बाजारात मात्र बहुतेक प्रतिकृतींवर अक्षरे कायमची कोरलेली असतात. लिपी टोल्किन यांनीच रचलेली, कथेतल्या एल्फ लोकांची; भाषा मात्र खलनायक सॉरॉनची. खुद्द टोल्किन यांना ही अक्षरे गंमतीची वाटत नव्हती. एका चाहत्याने ही अक्षरे कोरलेला पेला त्यांना पाठवला होता. त्यातून आपण कधी प्यालो नाही, तंबाखूची राख टाकायला तो वापरतो, असे त्यांनी १९७२ मधल्या एका पत्रात लिहिले आहे. ज्याने ते शब्द रचले त्यालाच ते ओठांना लागू द्यावेसे वाटले नाहीत! कोरी अंगठी घेणारा त्यामुळे कथेला आणि चित्रपटाला, दोघांनाही अधिक जवळचा राहतो. लेख हवाच असेल तर तो आतल्या बाजूला कोरून घेणारेही आहेत.

दुसरा प्रश्न धातूचा. कथेत या अंगठीचे ओझे जाणवत राहते, म्हणून हातात घेतल्यावर वजन लागले पाहिजे. चित्रपटात अंगठीचा आधीचा धनी बिल्बो याच्या हातून ती जमिनीवर पडते आणि जराही उसळत नाही. तो परिणाम साधायला जमिनीखाली चुंबक ठेवला होता. बावीस कॅरेटचे सोने जड आणि देखणे, पण मऊ. गुळगुळीत वळ्यावर ओरखडे लगेच दिसतात. रोज घालायला अठरा कॅरेट बरे. मुलामा दिलेली चांदी स्वस्त, पण तिचे वजन सोन्याच्या मानाने बरेच कमी आणि बोटाच्या आतल्या बाजूचा मुलामा आधी उडतो. टंगस्टन कार्बाइडच्या अंगठ्याही मिळतात. त्यांचे वजन अठरा कॅरेट सोन्याच्या जवळपास जाते आणि ओरखडे सहज पडत नाहीत. मात्र अशा अंगठीचे माप कधीही बदलता येत नाही, आणि बोट सुजले तर ती कापण्याऐवजी दाब देऊन फोडावी लागते.

मापाची चूक सोन्यातही महाग पडते. अंगठी वाढवायची किंवा लहान करायची म्हणजे ती कापून पुन्हा जोडायची; चौफेर लेख असेल तर अक्षरेच तुटतात. भारतातले अंगठीचे आकडे, अमेरिकेतले आकडे आणि न्यूझीलंडमधली अक्षरे यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. आतला व्यास मिलिमीटरमध्ये कळवणे सर्वांत सुरक्षित. बोट संध्याकाळी मोजावे, सकाळी ते बारीक असते. रुंद पट्ट्याची अंगठी त्याच मापात अरुंद अंगठीपेक्षा घट्ट बसते, हेही ध्यानात ठेवावे.

अधिकृत प्रतिकृतीवर हक्कधारकाचे नाव छापलेले असते. टोल्किन यांनी चित्रपटाचे हक्क १९६९ मध्ये विकले. ते १९७६ मध्ये चित्रपट निर्माते सॉल झेंट्झ यांच्याकडे आले आणि २०२२ मध्ये स्वीडनच्या एम्ब्रेसर समूहाकडे गेले. पेटीवर ‘मिडल-अर्थ एंटरप्रायझेस’ हे नाव दिसते ते या व्यवहारातले.

परदेशातून मागवलेल्या अंगठीवर सीमाशुल्क आणि कर भरावा लागतो, त्यामुळे संकेतस्थळावरचा आकडा अखेरचा धरू नये. तिच्यावर भारतीय मानक ब्युरोचा हॉलमार्क नसतो. भारतात घेतलेल्या अठरा कॅरेटच्या दागिन्यावर ब्युरोचे चिन्ह, ७५० हा शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा क्रमांक पाहून घ्यावा. कोरे वळे गावातला सराफही घडवून देतो. त्याला पट्ट्याची रुंदी, जाडी आणि गोलाई नेमकी सांगावी लागते. मोडीला नेल्यावर सराफ घडणावळ धरत नाही, फक्त सोने तोलतो. संग्राहक मात्र पेटी, पावती आणि प्रमाणपत्र मागतो. म्हणून ही तिन्ही पहिल्या दिवसापासून अंगठीसोबतच ठेवावीत.