जांभळ्या दिव्याखालची नोट

वाशीमच्या बाजारात नोट हाती आली की आपण वॉटरमार्क बघतो. कॅशियर ती जांभळ्या दिव्याखाली धरतो. अतिनील किरण पडताच क्रमांकाची शाई आणि कागदातले बारीक तंतू चमकतात. नाशिकरोडच्या चलार्थपत्र मुद्रणालयात १९२८ पासून नोटा छापल्या जातात. कागद मात्र कापसाचा. फाटला की फाटला, मग चिकटपट्टी!

प्रयोगशाळांतले स्वतःहून सांधणारे प्रकाशदायी पॉलिमर इथेच वेगळे ठरतात. काहींच्या रेणूसाखळ्यांना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध चीर पडल्यावर तुटतात. कडा जुळवल्या, कधी थोडी ऊब दिली, की पुन्हा जुळतात. अशा पॉलिमरवर लिहिलेला गुप्त मजकूर साध्या उजेडात दिसत नाही, अतिनील दिव्याखाली उमटतो. पण असा दिवा कुणालाही मिळतो, मग गुपित कसलं? म्हणून काही पदार्थ उष्णता किंवा ठरावीक रसायन लागल्यावरच रंग बदलतात.