पाणी नको, आधी खोके आणा

रस्त्याच्या कडेला एखादा पक्षी धडपडताना दिसला की जमलेल्या माणसांतून पहिला आवाज हमखास येतो, ‘पाणी आणा, पाणी!’ कोणी धावत जाऊन तांब्या आणतो, दुसरा चोच उघडून धरतो, तिसरा पाणी ओततो. यात कोणाचाच हेतू वाईट नसतो. पण दोन-चार मिनिटांत पक्षी मान टाकतो आणि लोक म्हणतात, ‘त्याचं आयुष्यच तेवढं होतं.’ बहुतेक वेळा तसे नसते. पाणी श्वासनलिकेत गेलेले असते.

माणसाच्या श्वासनलिकेवर एक झाकण असते आणि घास गिळताना ते बंद होते. पक्ष्याला असे झाकण नाही. जिभेच्या मुळाशी एक उघडी चीर असते, तीच श्वासनलिकेची वाट. पक्षी स्वतःहून पाणी पितो तेव्हा तो ती चीर बरोबर मिटून घेतो. मार लागून अर्धवट शुद्धीत असलेल्या पक्ष्याला ते जमत नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये हे आता आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक आहे. पक्ष्यालाही तोच नियम आहे, उलट अधिक कडक.

नळदुर्गला असे पक्षी सापडणे नवलाचे नाही. गावाला लागून सोलापूर-हैदराबाद महामार्ग आहे, शेजारी किल्ला, बोरी नदी आणि धरणाचे पाणी. तटाच्या भेगांत पारवे, झाडांच्या ढोलीत पिंगळे, डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या घारी. त्यात विजेच्या तारा, भरधाव गाड्या, मांजरे आणि मांजा. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. तरी पतंगांचे दिवस संपल्यावरही बाभळीत आणि तारांत अडकलेला हा दोरा कुजत नाही, तो महिनोन् महिने पक्षी पकडत राहतो.

मग करायचे काय? खोके शोधायचे. पारव्याएवढ्या पक्ष्याला बुटांचे चालते, घारीला किराणा दुकानातले मोठे लागते. पक्षी आत ठेवण्याआधी त्याला भोके पाडा, नंतर पाडली तर आवाजानेच तो गर्भगळित होतो. तळाशी जुना सुती कपडा अंथरा. टर्किशचा टॉवेल नको, त्याच्या फासांत नखे अडकतात. पक्ष्यावर अलगद पंचा टाका, डोके झाकले जाईल असा, आणि दोन्ही पंख अंगाशी मिटवून दोन हातांनी उचला. छाती दाबू नका. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. त्याच्या छातीचे हाड पुढे-मागे होते आणि लोहाराच्या भात्यासारखी हवा आत-बाहेर जाते. भाता मुठीत आवळला की श्वास बंद. घाबरलेल्या मुलाने ‘घट्ट’ धरलेली चिमणी हातातच मरते, ती यामुळे.

झाकण लावून खोके शांत खोलीत ठेवा. दर पाच मिनिटांनी उघडून पाहू नका, फोटो काढू नका, ‘बिचारा’ म्हणून कुरवाळू नका. रानातला पक्षी दुखणे लपवतो, कारण अशक्त दिसणाऱ्यावर शिकारी आधी झडप घालतो. तो हातावर मुकाट बसला तर ‘माणसाळला’ असे आपण म्हणतो, प्रत्यक्षात तो भीतीने किंवा दुखण्याने गळून गेलेला असतो. आपले चेहरे त्याच्या दृष्टीने शिकाऱ्याचे चेहरे आहेत. लांब पायांच्या मोठ्या पक्ष्यांत तर नुसत्या पाठलागाने आणि धरपकडीने स्नायू इतके तुटतात की जखम नसतानाही पक्षी काही तासांत किंवा दिवसांत दगावतो. भिंतीखाली चिरडलेल्या माणसाच्या स्नायूंतली द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडे बंद पडतात, त्यातलाच हा प्रकार. करकोचे, रोहित आणि माळढोक यांना हा धोका मोठा. आपल्या शेजारी सोलापूरच्या नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य आहे. तिकडच्या माळावर असा मोठा पक्षी बसून राहिलेला दिसला तर त्याच्यामागे धावू नका, लांबूनच वन विभागाला कळवा.

एकदा ओपीडीच्या वेळेत दहा-बारा वर्षांचा एक मुलगा शाळेच्या दप्तरात घार घालून घेऊन आला होता. पंखाला मांजा गुंडाळलेला. ‘डॉक्टर, हिला सलाईन लावा की,’ तो म्हणाला. आणि वर, ‘अंग तापलंय, ताप आलाय हिला.’ रांगेतले लोक हसले, पण मुलाचे निरीक्षण चुकीचे नव्हते. पक्ष्याच्या शरीराचे तापमान मुळातच ४० ते ४२ अंश सेल्सिअस असते, त्यामुळे धडधाकट पक्षीही आपल्या हाताला तापलेलाच लागतो. काळजी करायची ती तो गार लागला तर. सलाईनचा विचारही वेडगळ नव्हता. पक्ष्यांना सलाईन देतात, पण ते कोमट करून, वजनाच्या हिशेबाने, बहुधा कातडीखाली, आणि अंगात ऊब आल्यावर. हे काम पशुवैद्यकांचे. २५ ग्रॅमच्या चिमणीच्या अंगात सगळे मिळून अर्धा चमचाभर रक्त असते. आपल्याला चार थेंब वाटतात, ते तिच्यासाठी मोठा रक्तस्राव असतो. म्हणून रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापसाने दोन-तीन मिनिटे हलकेच दाबून धरावे, एवढे मात्र घरी करावे. हळद, तेल, मलम काही नको. तेलकट झालेली पिसे ना ऊब धरतात, ना उडू देतात.

मांजा ओढून काढायचा नाही. पक्षी ज्या दोऱ्याने लटकला असेल तो दोन्हीकडून कापायचा आणि अंगाला गुंडाळलेला भाग तसाच ठेवून पक्षी डॉक्टरांकडे न्यायचा. तो विजेच्या खांबावर अडकला असेल तर वर चढू नका, महावितरणला फोन करा.

तीव्र कुपोषित बालकांच्या उपचाराचा जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेला क्रम आम्हा डॉक्टरांना पाठ असतो. आधी रक्तातली साखर आणि शरीराची ऊब, मग पाण्याची भरपाई, आणि अन्न सावकाश, थोडे-थोडे. उपाशी शरीरात एकदम अन्न ढकलले तर रक्तातले क्षार ढळतात आणि जीव जातो. जखमी पक्ष्याचे तंत्र फार वेगळे नाही. ऊब पहिली, पाणी नंतर, अन्न शेवटी. थंडीत गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका कडेला ठेवली तर पुरते, पक्ष्याला नको वाटल्यास तो दुसऱ्या कडेला सरकतो. दूध, भात, बिस्कीट, ब्रेड यांतले काहीही देऊ नका. दुधातली साखर पक्ष्याला पचत नाही, आणि घारीने भाताचे करायचे काय?

मे महिन्यात हा ऊबेचा सल्ला उलटा होतो. चोच उघडी, पंख अंगापासून सुटलेले, धापा टाकत झाडाखाली पडलेला पक्षी बहुधा उन्हाचा बळी असतो. त्याला सावली, हवेशीर खोके आणि समोर उथळ ताटली. मान सरळ धरून उभा राहू शकणारा पक्षी स्वतःच चोच बुडवतो. बुडवली नाही तर आपण पाजायचे नाही.

आता पंखाकडे येऊ, कारण खरी शर्यत तिथे आहे. पक्ष्याचे हाड आपल्यापेक्षा फार लवकर सांधते. आपल्या दंडाच्या हाडाला दोन-तीन महिने लागतात, तिथे पक्ष्याचे तीन आठवड्यांच्या आसपास होते. ऐकायला ही आनंदाची बातमी आहे, पण तिची दुसरी बाजू अशी की वाकडे बसलेले हाडही तितक्याच लवकर वाकडेच सांधते. ‘आठवडाभर घरी ठेवू, आपोआप बरा होईल’ म्हणणाऱ्या माणसाच्या घरी पक्षी जगतो, खातो, आणि पुन्हा कधी उडत नाही. शिवाय पंखाच्या दंडाचे हाड पोकळ असून ते श्वसनाच्या हवापिशव्यांना जोडलेले असते. त्या हाडाच्या उघड्या जखमेवर औषध ओतणे म्हणजे काही वेळा ते थेट श्वासमार्गात ओतणे. खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाच्या पुढच्या कडेला कातडीचा एक ताणलेला पडदा असतो, त्याच्या काठाने एक बारीक स्नायुबंध जातो. मांजा नेमका तिथे कापतो. बाहेरून जखम बोटभर दिसते, पण तो बंध तुटला तर पंख पूर्ण ताणता येत नाही. म्हणून आइस्क्रीमच्या काड्या बांधत बसू नका, पक्षी अंधाऱ्या खोक्यात ठेवा आणि त्याच दिवशी हलवा.

कुठे हलवायचे? महाराष्ट्र वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांक आहे, पहिला फोन तिथे. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात प्राथमिक उपचार होऊ शकतात, पण त्या डॉक्टरांचा दिवस गाई-म्हशी-शेळ्यांत जातो, घारीचा पंख त्यांच्या टेबलावर क्वचित येतो. उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. वन्यप्राण्यांसाठी खास केंद्रे नागपूरच्या सेमिनरी हिल्सला आणि पुण्याजवळ बावधनला आहेत, पण नळदुर्गहून ती लांब. सोलापूरच ४५ किलोमीटरच्या आसपास आहे. माणसांसाठी १०८ ची गाडी येते, पक्ष्यासाठी येत नाही. प्रत्येक तालुक्यात वन कर्मचारी आणि पशुवैद्यक मिळून दोन-तीन जणांना पक्ष्यांच्या प्रथमोपचाराचे प्रशिक्षण द्यायला काही कोटी लागणार नाहीत, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

औषधांबद्दल एक गोष्ट माझ्या पेशामुळे जास्त टोचते. घरातली वेदनाशामक गोळी कुटून पाण्यातून पक्ष्याला देणारे लोक आहेत. गिधाडांचे काय झाले ते आठवा. गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचला. २००४ मध्ये हे कारण सिद्ध होईपर्यंत भारतातली बहुतेक गिधाडे गेली होती. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, तेव्हा लोक माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरू लागले. म्हणून २०१५ मध्ये माणसांचे इंजेक्शनही ३ मिलिलीटरच्या एकाच मात्रेपुरते केले गेले. जे औषध आम्ही ओपीडीत गुडघेदुखीला लिहितो, त्याने आकाश रिकामे झाले. पक्ष्यांना वेदनाशामक लागते आणि त्यासाठी मेलॉक्सिकॅमसारखी औषधे आहेत, पण ती मात्रा पशुवैद्यकच ठरवतील.

स्वतःचीही काळजी घ्या. घार, घुबड यांची चोच नव्हे, नखे धोक्याची. बगळा डोळ्यावर चोच मारतो, त्याला चेहऱ्यापासून दूर धरा. ओरखडा आला तर साबणाने भरपूर धुवा, धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले आहे का ते तपासा. ‘रेबीजचं घ्यायचं का?’ असे लोक विचारतात. नको. रेबीज सस्तन प्राण्यांचा आजार आहे. तोंडाला मास्क आणि हातात मोजे मात्र असू द्या. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला कावळे मरून पडू लागले, तेव्हा तपासणीत बर्ड फ्लू निघाला. एका जागी अनेक पक्षी मेलेले किंवा मान वाकडी करून पडलेले दिसले तर ते उचलायचेच नाहीत, पशुसंवर्धन विभागाला कळवायचे.

पक्षी ‘बरा’ कधी झाला म्हणायचा, यावर माझे आणि पक्षी वाचवणाऱ्यांचे शब्द वेगळे आहेत. माझा पेशंट लंगडत घरी गेला तरी मी समाधानी असू शकतो. घारीचा पंख थोडा कमी पडला तर ती शिकार करू शकत नाही, म्हणजे ती बरी झालीच नाही. म्हणून हाड सांधल्यावर मोठ्या पिंजऱ्यात उडण्याचा सराव, स्नायूंची ताकद, पिसांची तपासणी हे सगळे येते. दिल्लीत मोहम्मद सौद आणि नदीम शहजाद या भावांनी हजारो घारींवर उपचार केले. व्यायामशाळेत शरीर कमावताना स्नायू आणि स्नायुबंधांविषयी जे शिकले, तेच सुरुवातीला त्यांना उपयोगी पडले. त्यांच्यावरचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा माहितीपट २०२२ मध्ये आला, मिळाला तर जरूर पाहा.

उलट उदाहरण उत्तर प्रदेशातल्या अमेठीचे. २०२२ मध्ये एका तरुणाला शेतात पाय मोडलेला सारस सापडला. त्याने तो बरा केला, आणि पक्षी वर्षभर त्याच्या मोटारसायकलमागे उडत राहिला. लाखो लोकांनी ते व्हिडिओ पाहिले. मार्च २०२३ मध्ये वन विभागाने सारस ताब्यात घेतला, पुढे तो कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात गेला आणि तरुणावर गुन्हा नोंदला गेला. लोक वन विभागावर चिडले. त्या तरुणाचे प्रेम खरे होते, यात मला शंका नाही. पण माणसामागे उडणारा सारस जोडीदार शोधत नाही, हेही खरे. कायदा म्हणतो की वन्य पक्षी सरकारची मालमत्ता आहे, तो तुमच्याकडे आला तर ४८ तासांत पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याला कळवले पाहिजे. मदत करणे गुन्हा नाही, ठेवून घेणे आहे. बरा झालेला पक्षी जिथे सापडला तिथेच सोडतात, कारण त्याची जोडी, घरटे, ओळखीचे पाणी तिथे असते. दिवसाचे पक्षी सकाळी, घुबडे दिवेलागणीला.

उन्हाळ्यात मात्र ‘जखमी’ म्हणून आणली जाणारी बरीच पिल्ले जखमी नसतातच. तोंडाच्या कडा पिवळ्या, शेपूट आखूड, अंगावर पिसे पण उडणे अर्धवट, असे पिल्लू खाली उड्या मारत असेल तर ते उडायला शिकते आहे. आई-बाप जवळच असतात. आपण दूर गेलो की चारा घेऊन येतात. उघड्यावर असेल तर उचलून झुडपात किंवा फांदीवर ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, ही समजूत खोटी आहे. पिसे नसलेले उघडे पिल्लू घरट्यातच परत ठेवा. घरटे तुटले असेल तर तळाला भोके पाडलेली करवंटी किंवा छोटी टोपली त्याच फांदीला बांधली तरी चालते. आणि दोन-तीन दिवस घरातले मांजर आत ठेवा.