तडकलेले इंजिन-झाकण : झाळणे आणि वितळजोड

मोटारसायकलच्या इंजिनाचे ॲल्युमिनियमचे ओतीव झाकण आपटून तडकले, की तेल झिरपू लागते. तेल संपल्यास इंजिनच जाम होते. ते सांधावे की बदलावे, हा निर्णय म्हणूनच त्वरित घ्यावा लागतो.

या सांधणीस ‘झाळणे’ हा रुळलेला शब्द वापरला जातो. परंतु तो येथे नेमका नाही. झाळकामात केवळ डाख वितळतो. वितळजोडकामात मूळ धातूच्या कडाही वितळून एकजीव होतात. शब्दातील हा भेद कृतीतही पाळावा लागतो. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळते; त्यावरील ऑक्साइडचा पापुद्रा मात्र २००० अंशांपलीकडेही टिकतो. शिवाय वितळण्यापूर्वी हा धातू लाल होत नाही. त्यामुळे लोखंडाची सवय असलेली नजर फसते.

म्हणून प्रथम मुरलेले तेल काढावे. भेगेच्या दोन्ही टोकांशी बारीक छिद्रे पाडावीत, म्हणजे ती पुढे सरकत नाही. नंतर भेगेवर खाच घेऊन, आर्गन वायूच्या आवरणात, पापुद्रा फोडणाऱ्या प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाहाने ती सांधावी. कारागीर यास वायूवरून ‘आर्गन वेल्डिंग’ म्हणतात. शेवटी झाकणाची कड सपाट आहे हे पाहून नवे गॅस्केट बसवावे.

भेग बेअरिंगच्या बैठकीतून गेली असल्यास, अथवा तुकडाच हरवला असल्यास, झाकण बदलणेच इष्ट होय. परिभाषा घडविणाऱ्याने कोशाबरोबर कारखान्याचीही पायरी चढावी, ती याचसाठी.