खुडूक कोंबडीची पिल्ले: काही रूढ समजुती

कोंबडी खुडूक बसली, २१ दिवस निष्ठेने अंड्यांवरून हलली नाही आणि अखेर तिच्या पंखांखालून चिवचिवाट ऐकू येऊ लागला, की घरची माणसे पुढचा सारा कारभार तिच्यावर सोपवून निर्धास्त होतात. वस्तुतः पाळणाऱ्याच्या जबाबदारीचा आरंभच त्या दिवशी होतो.

पहिली घाई अंडे फुटताना होते. टोचा पडूनही पिल्लू तासन्‌तास बाहेर येत नाही, तेव्हा ते आत गुदमरत असावे अशा कळवळ्याने कित्येक जण नखाने कवच सोलू लागतात. परंतु टोचा पडल्यापासून १२ ते २४ तास लागणे स्वाभाविक आहे. त्या अवधीत आतल्या पापुद्र्यावरील रक्तवाहिन्या सुकत असतात. पापुद्रा अकाली सोलला तर रक्त वाहून पिल्लू हकनाक मरते. अंड्यातला उरलेला बलकही याच सुमारास पिल्लाच्या उदरात ओढला जातो, आणि त्या शिदोरीवर ते सुमारे दोन दिवस दाण्यावाचून निभावते. म्हणूनच कोंबडीला आधी निघालेली पिल्ले पंखांखाली धरून मागे राहिलेली अंडी उबवता येतात. पिल्ले उपाशी मरतील या धास्तीने तिला उठवणारे त्या उरलेल्या अंड्यांतला जीव मात्र गारठवतात.

माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हेही खरे नव्हे. ती पिल्लू ओळखते ते आवाजावरून व रूपावरून. ते कवचातून चिवचिवते, तेव्हाच ती मंद स्वरात त्याला उत्तर देत असते. मात्र याच ओळखीमुळे आठवडाभराने तिच्या पिल्लांत सोडलेली परकी पिल्ले ती टोचून मारण्याचा संभव असतो. सोडायचीच तर पहिल्या एकदोन दिवसांत, रात्रीच्या अंधारात, तिच्या पंखांखाली सरकवावीत.

तिच्या शौर्याविषयी शंका नाही. घार दिसताच तिने दिलेला इशारा आणि त्यासरशी पिल्लांची उडालेली धावपळ ज्याने पाहिली आहे, त्याला ते सांगायला नको. पण आईने एका घुसखोरावर झेप घेतली म्हणजे बाकीची पिल्ले उघडी पडतात, आणि नेमका तोच क्षण कावळा साधतो. शिवाय अंधारात तिला फारसे दिसत नाही; घूस, मांजर वा साप खुराड्याच्या फटीतून शिरला तर तिचे धैर्य निरुपयोगी ठरते. म्हणून दिवसा वर धोंडा ठेवलेले डालगे आणि रात्री बारीक जाळीचे, घट्ट दाराचे खुराडे, हा बंदोबस्त अपरिहार्य होय. पाण्याचे भांडे उथळ असावे व त्यात खडे टाकावेत. ओंजळभर पाण्यातही पिल्लू बुडते.

खाद्याविषयी थोडक्यात इतकेच, की अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात चुन्याचे (कॅल्शियमचे) प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते आणि पिल्लांना साधारण एक टक्का पुरे. जादा चुना त्यांच्या मूत्रपिंडांना अपाय करतो. उलट पिल्लांचे खाद्य आईने खाल्ले तर बिघडत नाही, कारण त्या काळात ती अंडी देत नाही. नुसत्या कणीवर मात्र पिल्ले खुरटतात.

आणि आईच्या उबेतली गावठी पिल्ले मानमोडी (राणीखेत) रोगाला दाद देत नाहीत, हा समज तर सर्वांत घातक आहे. आईला लस दिलेली असली तर अंड्यावाटे मिळालेले संरक्षण पिल्लाला थोडेच आठवडे पुरते, आणि नसली तर तेवढेही नसते. यास्तव पहिल्या आठवड्यातच पशुवैद्यकीय दवाखान्यातून लासोटा लस बर्फात आणून प्रत्येक पिल्लाच्या डोळ्यात वा नाकपुडीत एकेक थेंब टाकण्याची आणि पुढच्या मात्रांच्या तारखा तेथेच विचारून घेण्याची तजवीज करावी.