एकच फॉन्ट, दोन पॅकेजे

‘लोहित देवनागरी’ हा मुक्त फॉन्ट रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी जोपासला. संगणकावर डेबियन किंवा उबुंटू हे लिनक्स वितरण असेल तर तो ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ नावाच्या डेब पॅकेजात मिळतो. फेडोरा असेल तर ‘लोहित-देवनागरी-फॉन्ट्स’ या आरपीएम पॅकेजात. सी-डॅकच्या बॉस लिनक्सचा पायाही डेबियनच, म्हणून तिथेही डेब.

डेब हा एआर संग्रह, म्हणजे अनेक फायली एकत्र बांधलेली एक फाइल असते. त्यात पॅकेजची माहिती आणि प्रत्यक्ष फायली वेगवेगळ्या बांधलेल्या. आरपीएममध्ये माहिती सुरुवातीच्या हेडरमध्ये असते. डेबसाठीचे एपीटी आणि आरपीएमसाठीचे डीएनएफ ही साधने लागणारी इतर पॅकेजे स्वतःच शोधून आणतात.

स्नॅप, फ्लॅटपॅक ही पॅकेजरूपे अनेक वितरणांवर चालतात, पण डाउनलोड बरेचदा मोठे. नेट मंद असलेल्या गावात आधी डेब-आरपीएमच पाहावे.