मासे आणण्याआधीची टाकी

आजचा विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसानं माशांच्या टाकीवर का बोलावं? कारण सांगतो. नातीच्या वाढदिवसाला मी काचेची टाकी आणली. सकाळी पाणी भरलं, संध्याकाळी सहा मासे सोडले. आठवड्यात सहाही गेले. पोर रडत म्हणाली, "आजोबा, मी खाऊ जास्त घातला का?" तिचा दोष थोडासुद्धा नव्हता. घाई माझी होती.

पाणी तर अगदी स्वच्छ दिसत होतं. पण दिसणं वेगळं आणि असणं वेगळं, हे जन्मभर वर्गात सांगूनही मी काचेसमोर विसरलो.

आता नेमकं काय घडतं ते पाहू. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनिया होतो. तो विषारी असतो, पण डोळ्यांना दिसत नाही. नदीत, तळ्यात काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही घातक, कारण त्यानं माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते. मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य असतं. हे काम जिवाणूंचं आहे, हे सर्गेई विनोग्राडस्की या शास्त्रज्ञानं १८९० च्या सुमारास झुरिकमध्ये दाखवून दिलं. नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच. म्हणजे आपण पाहुणे बोलावतो, आणि घरात चूलच मांडलेली नसते!

तर करायचं काय? टाकी सपाट, भक्कम जागी ठेवा, थेट ऊन नको. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३६ उंच टाकीत सुमारे ६५ लिटर पाणी मावतं. नुसत्या पाण्याचंच वजन ६५ किलो झालं. खडे साबणाशिवाय, पाणी नितळ येईपर्यंत धुवा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंनाही मारतं, म्हणून दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन बाटलीवरच्या प्रमाणात घाला. पाणी रात्रभर ठेवून क्लोरीन उडतं हे खरं, पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन असतं, ते तसं जात नाही.

मग फिल्टर चालू करा, तो रात्रंदिवस चालू राहू द्या. मासे नसतानाच रोज चिमूटभर खाद्य टाका. ते कुजेल, अमोनिया होईल, आणि जिवाणूंना अन्न मिळेल. ओळखीच्या कुणाची निरोगी, जुनी टाकी असेल, तर तिच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा. त्यानं दिवस वाचतात.

दर दोन-तीन दिवसांनी टेस्ट किटनं पाणी तपासा. आधी अमोनिया चढेल, मग नायट्राइट चढेल. पुढे दोन्ही उतरतील आणि नायट्रेट दिसू लागेल. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. रोज खाद्य टाकूनही अमोनिया आणि नायट्राइट सलग काही दिवस शून्य आले, की टाकी तयार झाली. मग अर्धं पाणी बदला. नव्या पाण्यातही अँटी-क्लोरीन हवंच. आणि आधी दोन-तीनच मासे सोडा, कारण जिवाणूंची वस्ती मिळेल तेवढ्या अन्नावरच वाढते.

एक चूक हमखास होते. फिल्टरचा स्पंज मळला, की आपण तो नळाखाली खसाखसा धुतो. जिवाणूंची बरीचशी वस्ती त्यातच असते, तीच आपण धुऊन टाकतो. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलका पिळा.

दुसऱ्या खेपेला नातीनं वही केली. रोज रिकाम्या टाकीत चिमूटभर खाद्य टाकायची. घरी येणारे हसायचे, "अगं, मासे कुठायत?" ती म्हणायची, "अजून त्यांचं घर तयार व्हायचंय." पाचव्या आठवड्यात तिनं वही माझ्यापुढे धरली. चार दिवस, दोन्ही रकाने शून्य.

त्या रविवारी आम्ही तीन मासे आणले. तिन्ही आहेत. थांबतो इथं. आता तुमचे प्रश्न विचारा.